धुरी, हुतूतू आणि आमची शैलश्री अक्का

शैलश्री अक्का हसायला लागली की मला सुईदोरा शोधावा लागतो. मी घरीच शिवणकाम करते. ठाणाकुशनूरमधल्या निम्म्या बायकांची मापं मला तोंडपाठ आहेत, आणि एवढ्या सगळ्यांत फक्त या एका बाईच्या ब्लाऊजला मी दोन्ही अंगांनी बोटबोट कापड जास्त ठेवते. तरी उसवतोच. कारण ती नुसती तोंडाने हसत नाही. आधी तिचे खांदे हलतात, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी, आणि शेवटी जवळ जे काही असेल त्यावर ती मटकन बसते. एकदा वाळत घातलेल्या कुरडयांवर बसली होती. त्या वर्षी आम्ही कुरडयांचा चुरा तळून खाल्ला.

ती माझी थोरली जाऊ आणि गावची आशा कार्यकर्ती. म्हणजे गुलाबी साडी नेसून घरोघरी फिरायचं, गरोदर बायकांना दवाखान्यात न्यायचं, लेकरांच्या लशींची आठवण द्यायची आणि सरकारला गावाला जे जे सांगावंसं वाटेल ते सांगत सुटायचं. अक्का हे सगळं हसत करते. हसतमुखाने नव्हे, खरोखर खिदळत. जंताच्या गोळीचं सांगताना तिला जंतांचं हसू येतं, आणि डेंग्यूचं सांगताना डासांचं.

आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून, फुलांनी सजवून नेतात. आमचे एक चुलत सासरे जन्मभर कधी भिंतीला टेकून, कधी लोडाला रेलून, जमेल तसे तिरके जगले. ते गेले तेव्हा त्यांना ताठ बसवलेलं बघून अक्काचे खांदे हलायला लागले. मी घाईघाईने तिच्या तोंडात पदराचा बोळा कोंबला. लोकांना वाटलं, केवढा शोक झालाय सुनेला. काकू, म्हणजे त्यांची बायको, स्वतःचं रडणं थांबवून उठल्या आणि तिला पोटाशी धरून समजूत घालायला लागल्या, तेव्हा तर मलाच आवरेना.

मी तापट आहे हे सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. मला सगळं मापात लागतं. अक्काचं हसणं कुठल्याच मापात बसत नाही, आणि म्हणून तिच्यावर माझा जितका जीव आहे तितकाच तिचा मला राग येतो.

पण बाळंतपणाला तीच हवी असते. रडायला माहेरची-सासरची सगळीच असतात, हसायला एकटी अक्का. माझ्या पहिल्या वेळी, थोरल्या पिंकीच्या, मी माहेरी होते. दुसरं सासरी झालं आणि तेही वेळेच्या आधी. बिदरला नेताना रस्त्यात एक खड्डा आला की मी किंचाळायची आणि अक्का हसायची, पुन्हा खड्डा, पुन्हा तेच. ड्रायव्हर घाबरून गेला होता. पोरगी झाली ती तळहातावर मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मी जे झबलं शिवून ठेवलं होतं ते तिच्या पायाखालीही उरलं असतं. मी ते झबलं हातात धरून बसले होते आणि मला रडताही येत नव्हतं. अक्का काचेला नाक लावून उभी. “मंजू, ए मंजू, बग की ग, बोट हलवायली. मला टाटा करायली!” आणि लागली हसायला. त्या वेळी तिच्या हसण्याला धरूनच मी उभी राहिले, हे खरं आहे.

पोरगी वाचली, वाढायला लागली, घरी आली. सोडताना नर्सबाईंनी बजावलं, “छाती कच्ची आहे. धूर लागू देऊ नका. चूल नको, उदबत्ती नको आणि ते तुमचं धुरी देणं तर अजिबात नको.”

इथेच सगळी पंचाईत होती. कारण धुरी म्हणजे आमच्या सासूबाई.

लिंगम्मा म्हणलं की आमच्या गावात आणि आजूबाजूला कुणीही सांगेल, लेकरं न्हाऊ घालणारी. पायावर बाळ घेऊन, तेलाने मळून, ऊन पाणी घालून झालं की शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, लसणाची सालं, चिमूटभर लोबान टाकायचं आणि त्या धुरावर बाळाला उलटंपालटं धरायचं. आधी छाती, मग पाठ, मग तळपाय. लेकरू रडून रडून लाल होतं आणि मग तीन प्रहर झोपतं. लिंगम्माची धुरी घेतलेलं पोर बाळसं धरणारच, असा त्यांचा लौकिक. कानडी बोलणारे, मराठी बोलणारे, मुसलमानांच्या गल्लीतले, सगळे त्यांना बोलावून नेत. आमच्या घरात देवघरापेक्षा त्या शेगडीचा मान मोठा. आणि आता त्यांच्याच घरात धुरीवाचून एक नात, तीही वाळक्या शेंगेसारखी!

“दवाखान्यातल्या पोरींना काय कळतंय?” त्या म्हणाल्या. “सिद्धू बग की. धुरी घेऊन मेला का?”

सिद्धू म्हणजे अक्काचा मुलगा सिद्धेश्वर. कलबुर्गीला कॉलेजात आहे, दारातून आत येताना वाकावं लागतं त्याला.

शेवटी मी रडले, माझे मालक शिवराज मध्ये पडले, आणि तह झाला तो असा. सव्वा महिना होईपर्यंत सासूबाई आमच्या बाळाला शेगडीजवळ नेणार नाहीत. पण बारशाच्या दिवशी चारचौघींसमोर बाळाला न्हाऊ घालून धुरी देणार म्हणजे देणार. “न्हाईतर गाव काय म्हणंल? लिंगम्माच्या नातीला लिंगम्माची धुरी न्हाई?”

मी अक्काला म्हणाले, “तू आशा आहेस. गावाला सांगतेस. आता आपल्या घरात सांगून दाखव.” तिने होकार दिला आणि लगेच हसली. माझा जीव टांगणीला लागला.

त्याच आठवड्यात औरादला आशांचं प्रशिक्षण निघालं. विषय हवेचं प्रदूषण आणि आरोग्य. मी बाळंतीण, घरातून हलत नव्हते, पण अक्काने संध्याकाळी येऊन अंगणात सगळं प्रशिक्षण मला करून दाखवलं, अगदी पंख्याच्या आवाजासकट.

शिकवणारे डॉक्टर प्रशांतकुमार म्हणून होते, म्हैसूरकडचे, तरुण, फार सज्जन. कानडीत बोलायचे आणि मध्येच आठवण झाल्यासारखे मराठीत. पडद्यावर चित्रं दाखवली. आम्हाला वाटतं प्रदूषण म्हणजे शहरातलं, कारखान्यांचं. ते म्हणाले, तुमच्या स्वयंपाकघरात बघा. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या जाळता त्याचा धूर. रान साफ करायला लावलेली आग. उकिरड्यावर जाळलेलं प्लॅस्टिक. त्या धुरातले कण एवढे बारीक की केसाच्या जाडीपुढे काहीच नाहीत. ते नाकात अडकत नाहीत, घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात आणि तिथून रक्तात. म्हाताऱ्यांना दमा, हृदयाचे झटके. लेकरांना न्यूमोनिया. गरोदर बाईने धूर घेतला तर पोटातलं बाळ लहान राहू शकतं, आधी होऊ शकतं.

हे सांगताना अक्का माझ्याकडे न बघता तुळशीकडे बघत होती. आमच्याकडे गॅस आहे, पण तो चहाला आणि पाहुण्यांना. भाकरी चुलीवरच फुगते, असं सासूबाईंचं मत. सातव्या महिन्यापर्यंत भाकऱ्या मीच थापत होते, फुंकणी घेऊन. “डॉक्टर म्हणले, एकच कारण धरून बसू नका, लई कारणं असत्यात,” ती पटकन म्हणाली. मला मात्र त्या चुलीचा असा राग आला की उठून लाथ घालावी वाटली. टाके होते म्हणून बसून राहिले.

“आणि मग जेवण झालं,” अक्का म्हणाली, आणि तिचे खांदे हलले.

जेवणानंतर सगळ्या आशा पेंगायला लागल्या. उप्पीट आणि चुरमुऱ्यांचा सुशीला पोटभर झालेला. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, उठा, खेळूया. फुप्फुसं म्हणजे काय ते कळायला हुतूतू खेळूया. गुलाबी साड्यांचे दोन तट झाले. एका दमात जेवढं जमेल तेवढं हुतूतू म्हणायचं आणि गडी मारून यायचं. पंचायत हॉलच्या खुर्च्या भिंतीला लागल्या, पदर खोचले गेले, आणि ज्या बाया लशीचं सांगत दारात आल्या की गाव घाबरतं त्या बाया एकमेकींच्या वेण्या ओढायला लागल्या. एक जाडी आशा डॉक्टरांनाच पकडून बसली. ते म्हणत होते, मी पंच आहे, मी पंच आहे.

“आणि तू?” मी विचारलं.

“मी भाईर!” अक्का पोट धरून म्हणाली. “रेषा वलांडली की मला हासू यायलंय. हासू आलं की दम तुटायलाय. परतेक येळी भाईर! डॉक्टर म्हणले, अक्का, तुमची फुप्फुसं चांगली हाईत, तुमचंच काय खरं न्हाई.”

डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं होतं म्हणे, की हा खेळ आहे, तपासणी नव्हे, यावरून कुणाला आजार आहे असं ठरवू नका. पण हे अक्काला हुतूतूच्या दंग्यात कितपत ऐकू आलं कोण जाणे.

आणि तिने पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू काढली. साबणाच्या डबीएवढी पांढरी पेटी. हवा चांगली तर हिरवा दिवा, बरी तर पिवळा, वाईट तर लाल, आणि फारच वाईट तर टीं टीं टीं. ही पेटी गावागावांतून फिरणार होती आणि पहिला मान आमचा. प्रत्येक आशाने आपल्या गावात ती दाखवून बायकांची सभा घ्यायची, आणि डॉक्टर सभा बघायला येणार.

“आता बग,” अक्का म्हणाली. “मी काय बोलायचीच गरज न्हाई. पेटीच बोलंल.”

पेटी बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने ती माजघरात ठेवली. सासूबाईंनी चूल पेटवली, तव्यावर भाकरी टाकली, आणि पेटी लाल होऊन टीं टीं करायला लागली. सासूबाई दचकल्या. जवळ आल्या. वाकून बघितलं. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

“शैला,” त्या म्हणाल्या, “याला दृष्ट लागली.”

अक्काने तोंड उघडलं आणि तिथेच घात झाला. बोलण्याऐवजी हसू बाहेर आलं. सासूबाईंनी तिच्याकडे लक्षही दिलं नाही. त्यांनी मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या, पेटीवरून उतरवल्या, “आल्यागेल्याची, पापी डोळ्याची” असं पुटपुटल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा असा खकाणा उठला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस शिंकली. मी बाळाला कुंचीत गुंडाळून मागच्या दाराने परसात पळाले. आत पेटी जीव तोडून टीं टीं टीं टीं.

“बगा की!” सासूबाई खोकत खोकत ओरडत होत्या. “कसली भारी दृष्ट हाय! निगाना झालीय!” आणि आणखी मिरच्या.

आता मिरच्यांचं आमच्याकडे असं असतं, की जाळल्यावर ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती असं समजायचं. इथे ठसका लागून घर गुदमरलं होतं, म्हणजे दृष्ट नव्हतीच. पण पेटी ओरडत होती, म्हणजे होती. या पेचावर सासूबाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला, की माणसाची दृष्ट ठसक्यावरून कळते आणि यंत्राची टीं टीं वरून. दुपारपर्यंत धूर विरला, पेटी हिरवी झाली, आणि त्यांची खात्रीच पटली.

संध्याकाळी आमच्या दारात रांग. कुणाचं लेकरू रडतंय, कुणाची सून जेवत नाही, कुणाची म्हैस दूध देत नाही. सासूबाई पेटी मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेल्या. पुढ्यात शेगडी. लेकराला जवळ आणायचं, लाल झालं की मिरच्या, हिरवं होईपर्यंत बसायचं. हवेच्या प्रदूषणाचं यंत्र आल्यापासून आमच्या गल्लीत जेवढा धूर झाला तेवढा होळीला होत नाही.

अक्का ज्वारीच्या पोत्यावर बसून हसत होती. ब्लाऊज दोन्हीकडून उसवला होता. मी बाळाला घेऊन परसदारी उभी होते आणि माझा संताप संताप झाला.

“हस,” मी म्हणाले. “अजून हस. माझ्या पोरीची छाती कच्ची आहे आणि तुला मजा वाटते. तुझं कुणी ऐकतं का, बघ जरा! तू धुरानं माणूस मरतो असं हसत हसत सांगतेस. कोण खरं मानणार? मी तरी मानलं असतं का?”

ती हसायची थांबली नाही. थांबता येत नाही तिला. पण ती हसता हसता माझ्याकडे बघत राहिली आणि मग उठून आत गेली. मी त्या दिवशी तिच्या ब्लाऊजला टाका घातला नाही.

बारशाच्या आधी चार दिवस सभा ठरली. जागा आमचंच अंगण, कारण पेटीवरचा हक्क सासूबाई सोडेनात. डॉक्टर आले. बाया सतरंजीवर दाटीवाटीने बसल्या. मी बाळाला घेऊन आतल्या खिडकीशी. डॉक्टरांनी पेटी हातात घेऊन सांगितलं की लाल दिवा धुराने लागतो, दृष्टीने नाही.

“तुमच्या म्हैसूरकडं दृष्ट लागत न्हाई व्हय?” सासूबाईंनी विचारलं.

“माझी आई पण काढते,” डॉक्टर खरं बोलून गेले. सगळं अंगण हसलं आणि तिथे त्यांची सभा संपली.

मग अक्का उठली. काही भाषण नाही, काही नाही. तिने फुंकणीने अंगणाच्या मधोमध रेघ ओढली आणि म्हणाली, “हुतूतू.”

बाया एकदम जाग्या झाल्या. पंचमीच्या दिवसांत माहेरी खेळलेल्या सगळ्या. आधी तरण्या सुना गेल्या, मग मधल्या. मग नागूबाई उठल्या. नागूबाई म्हणजे आमच्या सासूबाईंच्या माहेरच्या, इकडच्याच मेहकरच्या. शेतकरी घराण्यातली बाई, आयुष्य रानात गेलेलं, काटक. दोघी एकाच आळीत वाढल्या आणि एकाच गावात नांदायला आल्या. मैत्रीही तेवढीच आणि स्पर्धाही तेवढीच.

“ये की ग लिंगू,” नागूबाई म्हणाल्या. “मेहकरला तुला कोण धरत नव्हतं म्हणतीस. दाव की.”

हे मात्र खरं होतं, आम्ही शंभरदा ऐकलेलं. पंचमीला आख्ख्या मेहकरच्या पोरी एकीकडे आणि लिंगू एकटी एकीकडे. एका दमात जायची, सगळ्यांना शिवून यायची, आणि आल्यावरही दम उरलेला असायचा म्हणून रेघेवर उभी राहून पुन्हा म्हणून दाखवायची. ते सांगताना सासूबाईंचे डोळे अजून चमकतात.

त्या उठल्या. पेटी बाजूला ठेवली, लुगड्याचा ओचा घट्ट केला, रेघेला हात लावून कपाळाला लावला. बायांनी आरडाओरडा केला. मी खिडकीत बाळाला उंच धरलं. कितीही राग असला तरी शेवटी आमच्या घरची बाई उतरत होती मैदानात!

“हुतूतू तू तू तू...”

काय तो पवित्रा! एक पाय पुढे, हात पसरलेले, मान अशी. वय झरकन उतरलं त्यांचं. त्या तीन पावलं गेल्या असतील. नागूबाईंच्या पदराला त्यांची बोटं लागणार, आणि आवाज चिरकला. पुन्हा “तू” म्हणायचा प्रयत्न केला. खोकला आला. मग खोकल्यावर खोकला. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही हात जमिनीला टेकले. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. तो आवाज आम्हाला रोज पहाटे ऐकू येतो. आम्ही दोघी जावा सासूबाईंना आत्याबाई म्हणतो, आणि त्या आवाजाला “आत्याबाई उठल्या”.

मग नागूबाई गेल्या. हुतूतू म्हणत साऱ्या अंगणात फिरल्या, दोघीतिघींना शिवल्या, डॉक्टरांना शिवल्या, रेघेवर परत आल्या आणि तिथून जीभ काढून दाखवली. हशा नुसता उसळला. मीही हसले. हसताना सवयीने अक्काकडे बघितलं.

अक्का हसत नव्हती.

ती सासूबाईंजवळ मातीत बसली होती. गुलाबी पदराने त्यांचं तोंड पुसत होती. तिचे खांदे स्थिर होते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून मी तो चेहरा कधी बघितला नव्हता, आणि मला एकदम भीती वाटली.

“माझा दम कुठं गेला ग?” सासूबाई म्हणाल्या. “म्हातारपणात जातोय व्हय असा?”

“नागूमावशी तुमच्याच वयाच्या हाईत, आत्याबाई.”

“मग?”

“शेगडीनं खाल्ला,” अक्का म्हणाली. “लेकराला घटकाभर धुरी. तुमी मातर समद्या लेकरांपाशी बसलाव. रोज.”

अंगण हळूहळू शांत झालं. डॉक्टर पुढे येऊन म्हणाले, “तसं नक्की सांगता येणार नाही, तपासावं लागेल, वय असतं, इतर कारणं...” मी खिडकीतून त्यांच्याकडे असं बघितलं की ते म्हणाले, “पण धूर हे मोठं कारण असू शकतं,” आणि बसले.

सासूबाई अक्काच्या तोंडाकडे बघत होत्या. “तू हासंनास कामून?” त्यांनी विचारलं. “हास की ग.”

“हासू येईना, आत्याबाई.”

सासूबाईंनी तिचा हात झटकला, उठल्या आणि आत निघून गेल्या. पेटी दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला गेली.

मधल्या दिवसांत त्या कुणाशी बोलल्या नाहीत. अक्का त्यांना दवाखान्यात घेऊन गेली, त्या गेल्या. तोंडाने ओढायचा पंप मिळाला, तो घेतला. चूल मात्र पेटत राहिली, भाकऱ्या होत राहिल्या. आणि बारशाच्या दिवशी पहाटे मी उठून बघते तो त्या न्हाणीजवळ बसून शेगडी घासत होत्या. राखेने, चिंचेने, लख्ख. मी अक्काला उठवलं. तिनेही बघितलं, पण हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

दुपारी घर भरलं. स्वामींनी बाळाला विभूती लावली, गळ्यात लिंग बांधलं, आशीर्वाद दिला. सासूबाईंनी पायावर घेऊन न्हाऊ घातलं, आणि त्या वेळी त्यांचे हात बघण्यासारखे असतात. पाणी सुद्धा त्यांना विचारून पडतं. बाळाला पुसून, कोरड्या फडक्यात गुंडाळून त्यांनी माझ्याकडे दिलं.

“शैला, शेगडी आण.”

बाया सरसावून बसल्या. मी बाळाला इतकं घट्ट धरलं की ते कुरकुरलं. उठून पळावं का? चारचौघींत? अक्काने शेगडी आणून ठेवली. निखारे अजून घालायचे होते.

सासूबाईंनी शेगडी उचलली, उलटी केली, जमिनीवर पालथी घातली आणि तिच्यावर ऐसपैस बसल्या.

“बसायला बरी हाय,” त्या म्हणाल्या. “आता पोरगी दे.”

त्यांनी कमरेची पुरचुंडी काढली. ओवा गरम करून फडक्यात बांधलेला. ती आधी स्वतःच्या गालाला लावून बघितली आणि मग हलक्या हाताने बाळाच्या छातीवर, पाठीवर, तळपायांवर फिरवली. तोच क्रम, धुरीचाच.

“धुरी न्हाई देयचं का, लिंगम्मा?” मागून कुणीतरी विचारलं.

“गावातल्या लेकरांच्या वाटची समदी धुरी मीच प्याले,” सासूबाई म्हणाल्या. “आता हिच्या वाटची कामून ठिवू?”

मला रडू फुटलं. लपवलं नाही मी. तेवढ्यात पाळण्यात घालायची वेळ झाली, माझ्या नणंदेने कानात कुर्र केलं, नाव ठेवलं सौम्या, आणि बायांनी रीतीप्रमाणे नणंदेच्या पाठीत धपाधप गुद्दे घातले. त्या आवाजाने बाळ दचकलं. तोंड उघडलं. आणि रडायला लागलं.

आजवर ती रडायची ते मांजरासारखं, तुटक तुटक. श्वास पुरायचा नाही. आज तिने जे सुरू केलं ते थांबेचना. एकच लांब, सलग, घर दणाणून सोडणारा आवाज. मी घ्यायला वाकले तर सासूबाईंनी मला हाताने अडवलं. त्यांनी एक बोट वर धरलं, पंचासारखं, मान तिरकी करून ऐकत राहिल्या. सगळं घर त्या बोटाकडे बघत होतं. नागूबाईंनी तर श्वास रोखला होता.

“तुटला न्हाई!” सासूबाई ओरडल्या. “बग ग नागू! दम न्हाई तुटला! मेहकरचा दम हाय ह्यो!”

“हारले बाई,” नागूबाई म्हणाल्या आणि हात जोडले.

आणि मग मला मागून तो आवाज आला. आधी थोडासा, दाबलेला. मी वळून बघितलं. अक्काचे खांदे हलत होते. मग पोट. मग डोळ्यांतून पाणी. ती मागे सरकत सरकत पेढ्यांच्या परातीकडे निघाली होती आणि तिला धरायला कुणीही पुढे झालं नाही, कारण सगळ्याच हसत होत्या. शिवण दोन्हीकडून फाटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी सुई शोधायला उठले नाही. सौम्या अजून रडतच होती.